वन्संचा हजारावा चंद्र आणि एकोणिसात सात

ये गं, अशी जवळ सरक. तो मोबाईल उलटा ठेव, चष्मा लाव आणि हे कागद नीट हातात धर. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. संक्रांतीला म्हणालीस, तेव्हाही नाही. फोन केला की मी बोलतेय तोवर तुझ्या मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, आणि तू आपली "हो काकू, हो काकू". आणि मग मध्येच विचारतेस, "काकू, तुम्हाला या वयात गणिताचं वेड कुठनं लागलं?" असलं फोनवर सांगायचं असतं का, तूच सांग. म्हणून लिहून पाठवतेय. शुद्धलेखन बघू नकोस. नववीपर्यंत शिकले आणि पुढं चुलीपाशी शिकले.

पहिलं पुस्तकाचं सांगते. वीस-बावीस वर्षांमागं मी घरात कांदा-लसूण चटणी करून विकायची, तुला आठवत असेल, तुझ्या आईला दर महिन्याला पाव किलो लागायची. पिशवीत बांधायची आणि वरनं कागद गुंडाळायचा. त्या कागदासाठी कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडनं किलोनं जुनी पुस्तकं आणत होते. एक दिवस पुडी बांधता बांधता नजर गेली. पानावर लिहिलेलं, "आता उरलेली बाकी घेऊन तिने मागच्या भाजकाला पुन्हा भागावे." मी म्हटलं, हे तर मी रोज करते! तोवर त्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं चटणीबरोबर गल्लोगल्ली गेली होती. मुखपृष्ठ नाही, लेखकाचं नाव नाही, ते बहुतेक कुणाच्या तरी आमटीत पडलं. उरलेलं पुस्तक मी बाजूला ठेवलं आणि मधनंच वाचायला सुरुवात केली. सुरुवात नसल्यामुळं मला कुठं अडायचं ते कळलंच नाही. म्हणूनच पुढं गेले असेन.

रोज करते म्हणजे काय, सांगते. आल्याच्या वड्या थापलेला लांबट ट्रे घे. सगळ्या वड्या चौकोनीच पाहिजेत अशी अट. तर आधी ट्रेच्या रुंदीएवढ्या मोठ्या वड्या कापायच्या. दोन निघाल्या समज, आणि शेवटी एक पट्टी उरली. आता त्या पट्टीच्या रुंदीची मधली वडी. एक निघाली, परत बारकी पट्टी उरली. तिच्यातनं दोन बारक्या. असं उरलेल्याला कापत जायचं. आणि किती किती निघाल्या ते लिहीत जायचं, दोन, एक, दोन... झाला तुझा साखळीचा अपूर्णांक. पुस्तकात त्याला 'वितत अपूर्णांक' असं भारदस्त नाव आहे. ट्रे केवढा होता हे कुणी विसरलं तरी या आकड्यांवरनं त्याची ठेवण परत मांडता येते. आणि मध्येच हात थांबवला तरी जे उत्तर येतं ते खऱ्याच्या अगदी जवळचं असतं. एकदा जरा जास्त, एकदा जरा कमी, एकदा जास्त, एकदा कमी, असं करत करत जवळ येत जातं.

आता मूळ संख्या. ज्यांना एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही त्या. बारा बोटं लांब आणि आठ बोटं रुंद ट्रे असला तर चार बोटांच्या वडीवर काम भागतं. पण एकोणीस बोटं लांब आणि सात बोटं रुंद असू दे, एका बोटाच्या वडीपर्यंत चाकू थांबत नाही. दोन्ही मूळ संख्या, दोघी हट्टी. हे वाचलं तेव्हा मला घरातली माणसंच दिसायला लागली. आमचे हे म्हणजे बारा. दोनानं भागा, तिनानं भागा, चारानं, सहानं, सगळ्यांना हो म्हणणार. मी म्हणजे सात. आणि यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, कागलला असतात, त्या म्हणजे एकोणीस. भाग जाणं नाही, बाकी ठेवणं नाही. सात आणि एकोणिसात सामाईक असं एकच. तो एक म्हणजे हे.

वन्संचं ऐक आता, गोष्ट खरी त्यांचीच.

वन्संना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, उजवा पिकत आलाय, वर्षभराच्या वर काढलं तर मग आपल्या हातात काही राहणार नाही. आणि वन्सं ऐकायला तयार नाहीत. संक्रांतीला आम्ही दोघं तिळगूळ घेऊन कागलला गेलो. दारात पाऊल टाकतेय तर वन्सं खुंटीपाशी उभ्या. खुंटीला भाच्याचा, म्हणजे वन्संच्या मुलाचा, रेनकोट अडकवलेला आणि वर हेल्मेट. त्याच्यापुढं हात करून म्हणताहेत, "घ्या पावणं, तिळगूळ घ्या, गोड बोला. बसा की, उभं का?"

मी म्हटलं, "वन्सं, तो रेनकोट हाय."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या आणि तिळगूळ आपल्याच तोंडात टाकला. "जरा धुकं हाय, म्हणून."

"भर दुपारी बारा वाजता धुकं?"

"कागलात असतंय."

हे मात्र गप्प बसले नाहीत. "आक्का, डोळं करून घे की. अर्ध्या तासाचं काम."

तेव्हा वन्संनी त्यांचा बेत सांगितला. माणसानं आयुष्यात हजार पौर्णिमा बघितल्या की सहस्रचंद्रदर्शन करतात, ते त्यांना करायचं होतंच. पण आरती, शांत, जेवणावळ यात त्यांना काही रस नव्हता. "हजारावा चंद्र मी माझ्या डोळ्यानं बघणार," त्या म्हणाल्या. "आणि डोळा त्याच्या आधी एक म्हयना करणार. लई आधी करून वाया कशाला घालवू? घराला रंग दिवाळीच्या तोंडावर देत्यात का शिमग्याला देऊन ठेवत्यात?"

ऑपरेशन केलेला डोळा रंगासारखा उडत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी सांगून झालेलं, भाच्यानं सांगून झालेलं. एकोणिसाला भाग जात नाही. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला, हजारावा चंद्र कधी?

भाचा साखर कारखान्यात इंजिनिअर होता, आता रिटायर. खिशात कॅल्क्युलेटर असल्याशिवाय जेवायला बसत नाही. तो म्हणाला, "मामी, ते मी काढून ठेवलंय. हजार भागिले बारा. त्र्याऐंशी वर्षं चार महिने. आईची जन्मतारीख आधारकार्डावर एक जून. म्हणजे अजून पावणेचार वर्षं आहेत. हॉल, आचारी, सगळं निवांत ठरवू."

पावणेचार वर्षं! तोवर वन्संना चंद्र सोडा, सूर्यही दिसला नसता. आणि वन्सं तर खूश. "बघ, सांगत नव्हतो? लई टाईम हाय."

मी म्हटलं, "अरे बाळा, एक जून ही जन्मतारीख असते होय? ती शाळेत जायची तारीख. आमच्या पिढीत निम्मा जिल्हा एक जूनला जन्मलाय. मास्तरांनी पोरीकडं बघितलं, सात वर्षं पूर्ण असं धरलं आणि ठोकून दिली. वन्सं, खरं सांगा, जन्म कधीचा?"

"धोंड्यातला," वन्सं छाती काढून म्हणाल्या. "अधिक ज्येष्ठ, चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी पुनव. माझ्या लग्नाच्या वर्षी परत अधिक ज्येष्ठ आलता. आईनं जावयाला धोंडं करून वाढलं आणि म्हणाली, आज हिचा खरा वाढदिवस, एकोणीस वर्षांनी आला."

म्हणजे वर्षसुद्धा पक्कं झालं. आधारकार्डापेक्षा एक वर्षानं मोठ्या निघाल्या. वन्संना तर सगळे खरे वाढदिवस पाठ. एकोणिसाव्याला पहिला, मग अडतिसाव्याला, सेहेचाळिसाव्याला, सत्तावन्नाव्याला, पासष्टाव्याला, शहात्तराव्याला. "पहिली दोन अंतरं एकोणिसाची, मग आठ, अकरा, आठ, अकरा," त्या म्हणाल्या. "सहा झालं. तसं बघितलं तर मी सहा वर्षांची हाय."

"वागता तशाच," हे पुटपुटले. ऐकू मात्र वन्संना उत्तम येतं.

मी ऐकतच राहिले. आठ, अकरा, एकोणीस! हे माझ्या पुस्तकातले आकडे, बाईंना जन्मापासून तोंडपाठ. मी भाच्याला म्हटलं, "तुझ्या गणितात एकही धोंडा नाही. सूर्याचं वर्ष मोठं, चंद्राचे बारा महिने त्याला पुरत नाहीत, म्हणून मधनंमधनं तेरावा घालतात. ते तेरावे मोजलेस का? कागद आण."

मग मी त्यांच्या बाहेरच्या सोप्यात बसून वर्षाच्या वड्या कापल्या. वर्षातनं चंद्राचे बारा महिने कापले की दहा दिवस एकवीस तास उरतात. ही पहिली पट्टी. ती एका चंद्रमहिन्यात दोनदा बसते आणि काही उरतं. ते त्या पट्टीत एकदा. पुढं दोनदा, मग एकदा, मग परत एकदा, आणि शेवटी दोन तासांचा चुरा उरतो, तो मुंग्यांना. यात मी एकदा पूर्वी फसले होते. चंद्राचा महिना सरळ साडेएकोणतीस दिवसांचा धरला होता. वरची चव्वेचाळीस मिनिटं सोडली आणि सगळ्या वड्या वाकड्या निघाल्या. त्या दिवशी नाही सोडली.

"पहिल्या वडीला थांबलो तर," मी म्हटलं, "दोन वर्षांत एक धोंडा. त्या हिशेबानं हजार पौर्णिमा बरोब्बर ऐंशी वर्षांत."

वन्संनी बोटं मोजली. त्या दिवशी त्यांना ऐंशी वर्षं आणि साडेसात महिने झालेले. एकदम पदर तोंडाला. "म्हंजे होऊन गेला? माझा हजारावा चंद्र होऊन गेला? आणि मला कुणी सांगितलं न्हाय?"

"थांबा वन्सं, हे जरा अलीकडं पडतंय. अजून कापायचंय. तीन वर्षांत एक धोंडा धरला तर एक्क्याऐंशी वर्षं एक महिना."

पदर खाली आला. "मग हाय की अजून. साडेपाच म्हयनं."

"हे जरा पलीकडं पडतंय. आठ वर्षांत तीन धरले तर ऐंशी वर्षं पावणेदहा महिने."

"आता दोन म्हयन्यावर आणलंस?" परत पदर वर.

"अकरात चार. ऐंशी आणि साडेदहा महिने."

"गेला का आला, एकदा काय ते सांग बाई! झोक्यावर बसवलंयस मला!"

भाचा कॅल्क्युलेटरवर माझ्या मागं मागं. त्याचं तोंड हळूहळू बदलत होतं. "मामी, झोका बारका होत चाललाय," तो म्हणाला. इंजिनिअरला शेवटी कळलंच.

"एकोणिसात सात," मी म्हटलं. "दोन्ही मूळ संख्या, हे आता कापून लहान होत नाही. ऐंशी वर्षं, दहा महिने, सहा दिवस. चैत्री पौर्णिमा. जोतिबाची यात्रा असते तीच."

वन्संनी डोळे पुसले आणि भाच्याकडं वळल्या. म्हणजे, रेनकोटाकडं वळल्या, पण बोलल्या भाच्याला. "ऐकलंस? चैत्र. डोळा फाल्गुनात करायचा. डाक्टरला फोन लाव."

लगेच तारीख मिळाली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. मी आपली एष्टीत बसून घरी येईपर्यंत राणीसारखी. हे म्हणाले, "तुझ्या त्या फाटक्या पुस्तकानं आज आक्काला हलवलं बघ. चाळीस वर्षांत मला जमलं नाही." आमचे हे कौतुक फार क्वचित करतात, म्हणून लिहून ठेवतेय.

आणि तिसऱ्या दिवशी माझी झोप उडाली.

झालं काय, मनात आलं, गणित बरोबर आहे, पण एकदा हातानं मोजून बघू. वन्संचा शेवटचा धोंड्यातला वाढदिवस शहात्तराव्या वर्षी झालेला. शहात्तर म्हणजे चार वेळा एकोणीस. एका एकोणिसात दोनशे पस्तीस पौर्णिमा, चार वेळा म्हणजे नऊशे चाळीस. तिथून पुढच्या कॅलेंडरातनं मोजता येतात. आणि जुनी कॅलेंडरं माझ्याकडं सगळी आहेत, कुठं तर स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरलेली. मग काय, सकाळी दहाला सगळे डबे खाली. हे स्टुलावर चढून एकेक कॅलेंडर सोडवताहेत, मी खाली बसून पौर्णिमेवर पेन्सिलीनं खुणा करतेय. तुरीच्या डाळीखाली एक वर्ष, शेंगदाण्याखाली दुसरं. लॉकडाऊनचं वर्ष तिखटाच्या बरणीखाली होतं, त्यात अधिक अश्विन होता, तेलाच्या डागातनं कसाबसा शोधला.

मोजून झालं, परत एकदा मोजलं. हजारावी पौर्णिमा चैत्री नव्हतीच. होळीची होती. एक महिना आधी!

"चुकलं?" ह्यांनी स्टुलावरनंच विचारलं.

"गणित न्हाय चुकलं. मी चुकले," मी म्हटलं. मी हजार महिने भरले होते. पण वन्सं जन्मल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीच पौर्णिमा होती. पहिला चंद्र त्यांना जन्माबरोबर मिळाला, त्याच्यासाठी महिनाभर थांबावं लागलंच नव्हतं. कुंपणाला हजार खांब असले तर मधल्या जागा नऊशे नव्व्याण्णवच असतात, तसं. मी जागा मोजल्या, मोजायचे होते खांब.

आणि ऑपरेशनची तारीख? होळीनंतरची!

फोन लावला. "वन्सं, माझं चुकलं."

"मला वाटलंच होतं," पलीकडनं आवाज आला. अजून मी काय चुकलं ते सांगितलंसुद्धा नव्हतं. "आता किती वर्षं?"

"वर्षं न्हाईत. होळी. सात आठवडे उरलेत."

मग एकदम बारीक आवाजात, मी तो आवाज पन्नास वर्षांत ऐकला नव्हता, "वैनी, मग डोळा त्याच्या आधी बसवशील न्हवं गं? दिसंल न्हवं मला?"

मी म्हटलं, "दिसेल. उद्याच्या उद्या आमच्याकडं या."

भाच्यानं धावपळ केली. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस या नको म्हणत होत्या, आता एवढी घाई कसली? वन्संनी त्यांना सांगितलं, "माझा हजारावा चाललाय, तुमचं बाकीचं पेशंट थांबत्याल." फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उजवा डोळा झाला. मग वन्सं महिनाभर आमच्या घरी, डोळ्यावर काळा गॉगल, दिवसातनं चार वेळा थेंब.

पट्टी काढली त्या दिवसाचं काय सांगू. पहिल्यांदा त्यांनी मला बघितलं. "अगं वैनी, तुझं केस एवढं पांढरं कवा झालं?" मग यांच्याकडं. "आणि तू तर म्हातारा झालास की रे! मला कुणी बोललं न्हाय." मग भिंतीकडं बघून म्हणाल्या रंग द्या, पंख्याकडं बघून म्हणाल्या पुसा, आणि माझ्या ओट्याकडं बघून जे म्हणाल्या ते मी इथं लिहीत नाही. दोन दिवसांत मला वाटायला लागलं, भाच्याचं गणितच बरं होतं.

होळीचा दिवस आला, भाचाही कागलहून आला. डॉक्टरांनी बजावलेलं, डोळ्याला धूर अजिबात नको. आणि पौर्णिमा कुठली, तर होळीची! आमच्या गल्लीत मंडळाची होळी केवढी असते तू बघितलीयस. हे म्हणाले, पुनवेचा चंद्र दिवस मावळतानाच उगवतो, होळी पेटायच्या आधी बघून खाली येऊ. चांगलं होतं. आम्ही वन्संना धरून गच्चीवर नेलं. पूर्वेकडं तोंड करून खुर्ची मांडली. दिवस मावळला. चंद्र नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नाहीच.

"पंचांगाला तरी म्हाईत हाय का?" वन्सं म्हणाल्या.

मग माझ्या लक्षात आलं. पूर्वेला समोर चार मजली नवं अपार्टमेंट उभं राहिलंय. चंद्र उगवलाय, पण त्याच्या मागं. वर यायला अजून पाऊण तास, आणि खाली मंडळाचे लोक रॉकेल आणि काडेपेटी घेऊन तयार.

हे गच्चीच्या कठड्यावरनं ओरडले, "थांबा रे! पेटवू नका! आमच्या आक्काचा हजारावा चंद्र बघायचा राहिलाय!"

खालनं मंडळाचा अध्यक्ष, साठीचा माणूस, तो ओरडला, "कितवा?"

"हजारावा!"

"मग थांबतो की! पण लवकर बघा, गवऱ्या दवानं ओल्या व्हायला लागल्यात!"

आम्ही वन्संना घेऊन खाली, गल्ली ओलांडून त्या अपार्टमेंटमध्ये. लिफ्टमध्ये वन्सं पहिल्यांदाच. दार मिटलं तशा म्हणाल्या, "हितं कुठं चंद्र?" वर टेरेसचं दार उघडलं तर मागनं अर्धी गल्ली जिन्यानं धापा टाकत आलेली. होळी सोडून आली होती, बायका-पोरं सगळी, कुणाच्या हातात पोळीचं ताट.

आणि समोर तो. नारिंगी, मोठा, कागलच्याच दिशेला.

वन्संनी गॉगल काढला. त्या बघत राहिल्या. खालनं कुणी बोंब मारली नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "वैनी, त्याच्यावर डाग हाय कसला?"

"तो ससा, वन्सं. नेहमीचाच."

"व्हय की. ससा." त्यांनी परत बघितलं. "मला वाटलं होतं त्यो आता येतच न्हाय. दहा-बारा वर्षं नुसता पांढरा गोळा दिसायचा. म्हटलं, आपल्याबरोबर त्योबी म्हातारा झाला असंल." आणि हाताच्या पाठीनं डाव्या डोळ्यातलं पाणी पुसलं. उजव्याला हात लावायचा नाही, हे त्यांना बरोबर लक्षात होतं.

हे एका बाजूला तोंड करून उभे होते. खाली अध्यक्षांनी विचारलं, "झालं का आक्का? पेटवू?" वन्सं कठड्यापाशी गेल्या आणि ओरडल्या, "पेटवा!" मग जी बोंब उठली, तुझ्या पुण्यापर्यंत ऐकू गेली असेल.

आम्ही लिफ्टनं खाली येत होतो. वन्सं गॉगल चढवता चढवता म्हणाल्या, "वैनी, एक विचारू? माझा पहिला चंद्र तू मोजलास. जन्माच्या दुसऱ्या दिवसाचा."

"हो. त्याच्यामुळंच तर होळी निघाली."

"पर त्यो मी बघितला कुठं? बाळंतिणीची खोली, खिडकीला घोंगडं, बारसं होईस्तवर पोराला दाराबाहेर काढत नसत. दर्शन म्हंजे बघायला पायजे न्हवं? म्हंजे आजचा नऊशे नव्व्याण्णवावा. हजारावा चैत्रातला. तुझं पहिलंच बरोबर होतं की!"

मी लिफ्टच्या भिंतीला टेकले. भाचा हसून हसून खाली बसला. मी म्हटलं, "वन्सं, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं न्हाईस."

तेव्हा चैत्री पौर्णिमेला परत कागलला, परत तोच चंद्र, तोच ससा. यावेळी शेताच्या बांधावर, आडवं अपार्टमेंट नाही की धूर नाही. भाच्यानं शांत केली, आचारी बोलावला, शंभर पानं उठली. त्याची त्र्याऐंशी वर्षं चार महिने त्यानं कुणापुढं परत काढली नाहीत. आता वन्सं दर पुनवेला मला फोन करतात, नुसता आकडा सांगतात आणि ठेवून देतात. एक हजार तीन. एक हजार चार.

पण पोरी, डावा डोळा अजून तसाच आहे. तो पण पिकत आलाय, डॉक्टरांनी सांगितलंय. आणि वन्सं म्हणतात, आता कशासाठी करू? हजारावा तर बघून झाला. मी खूप विचार केला, त्यांना काय बघायची ओढ लागेल. शेवटी परवा म्हणाल्या, "ती पुण्याची पोर येणार हाय म्हणं, तिचं तोंड दोन्ही डोळ्यांनी बघायला पायजे, नुसत्या एकानं कसं बघू? कधी येणार ते नक्की सांगू दे, त्याच्या आधी एक म्हयना करतो." म्हणून लिहितेय. तुझं नेहमीचं "बघते काकू" मला आता चालणार नाही. एक नक्की तारीख कळव, आणि त्या तारखेला ये. लवकरची दे. डॉक्टरांना सांगून ठेवायचंय.